हैदराबादला बंद, नागपुरात चालू. मग भावाचा गुन्हा कुठला?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. बाबा गेल्यापासून घरात आई, मी आणि माझा २६ वर्षांचा लहान भाऊ. तो आधी हैदराबादला होता, मग मिहानमधल्या एका कंपनीत लागला म्हणून परत आला. हैदराबादला असताना मोबाइलवर रमीचं ॲप उघडलं की ‘तुमच्या राज्यात उपलब्ध नाही’ असं यायचं. दिवाळीत नागपूरला आला की तेच ॲप सुरू. इथे राहायला आल्यावर तो रोजच खेळायला लागला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या ॲपनं पैशाचे खेळ बंद केले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्यानं इतवारीतल्या कुणाकडून व्हॉट्सॲपवर ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, घेतला आणि क्रिकेटवर लावायला लागला. आज बुकीचे ३ लाख ४० हजार अंगावर आहेत. दोन लोन ॲपचं कर्ज आहे, आणि ओळखीच्या एकाकडून महिना दहा टक्क्यांनी घेतलेले ५० हजार. सारखे फोन येऊन राहिले. परवा दोघं जण गाडीवर दारापर्यंत आले. आई म्हणते, माझ्या पाटल्या नि गोफ गहाण ठेवू, पण हे मिटवू.

भावाला काही म्हटलं की तो म्हणतो, “तिकडे बंद, इकडे चालू. गोव्यात तर सरकारच कॅसिनोला परवाना देते, टॅक्सही घेते. मी काय चोरी केली?” ताई, खरंच हा गुन्हा आहे का? पोलिसात गेलो तर त्यालाच आत टाकतील का? पैसे द्यावेच लागतील का? स्वभावानं तो भोळा आहे. मित्रांच्या अडीनडीला धावतो. दुसऱ्यांचे पैसेही त्याच्या खात्यात येतात, तो ते लगेच पुढे पाठवतो, एक रुपया ठेवत नाही म्हणतो. दोन-तीन सोबत्यांना त्यानं आयडीही मिळवून दिला. परवा रात्री मात्र म्हणाला, “मी नसलो तर विम्याचे पैसे तरी येतील.” नाव छापू नका.

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. कायदा, बुकी, कर्ज हे सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. विम्याबद्दलचं ते बोलणं रागाच्या भरातलं असेल म्हणून सोडून देऊ नका. आज रात्रीच त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट कोंडलेला माणूस बोलता होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, तडक मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नाही म्हणाला तर तुम्ही लावा. घरच्यांनाही ते नीट सांगतात. आणि त्याला एक गोष्ट साफ सांगा: ३ लाख ४० हजारांच्या या देण्यातून निघायचा रस्ता आहे. तो आहे म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही त्याच्या भोळेपणाचा दाखला म्हणून लिहिलीत. दुसऱ्यांचे पैसे खात्यात येतात आणि तो पुढे पाठवतो. पत्र वाचताना मला सर्वात जास्त भीती या ओळीची वाटली. बुकी स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही. रोज वेगळा यूपीआय आयडी, वेगळ्या माणसाचं नाव. तुमच्या भावानं जेव्हा पैसे भरले असतील, तेव्हा त्यालाही अशाच कुणा अनोळखी पोराचं नाव दिसलं असेल. आता ते पोर तुमचा भाऊ झालाय. या खात्यांतून फक्त सट्ट्याचा पैसा फिरत नाही. डिजिटल अरेस्ट, शेअर ट्रेडिंगची फसवणूक, नोकरीचं आमिष अशा गुन्ह्यांमधला पैसाही याच वाटेनं पुढे सरकवतात. कुणा म्हाताऱ्या माणसाची वारंगलला फसवणूक झाली, त्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, की पोलिस ज्या-ज्या खात्यातून तो पैसा गेला त्या प्रत्येक खात्यावर होल्ड टाकत येतात. मग मानेवाड्यातल्या पोराचा पगार बँकेत अडकतो आणि नोटीस येते तेलंगणातल्या सायबर पोलिसांची. ‘तिकडे बंद, इकडे चालू’ म्हणणाऱ्या तुमच्या भावाला हे नीट दाखवा. खेळाला राज्याची हद्द असेल, खात्यातून फिरलेल्या पैशाला ती नाही.

म्हणून आजपासून त्या खात्यात कुणाचाही पैसा घ्यायचा नाही. एटीएम कार्ड, पासबुक, चेकबुक किंवा सिमकार्ड कुणाला ‘वापरायला’ दिलं असेल तर बँकेत जाऊन लेखी अर्ज देऊन बंद करा, अर्जाची शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट काढा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, आयडी देणाऱ्याचा नंबर, स्क्रीनशॉट यातलं काहीही पुसू नका. घाबरून पोरं आधी चॅट उडवतात आणि स्वतःच्या निरपराधपणाचा पुरावाच घालवून बसतात.

आता त्याच्या मुख्य मुद्द्यावर येते. तो फार पोरांच्या तोंडी ऐकू येतो आणि त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या राज्यघटनेत विषयांची वाटणी आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ३४ व्या क्रमांकावर ‘पैजा आणि जुगार’ आहे. म्हणजे जुगाराचं काय करायचं ते मुळात प्रत्येक राज्यानं ठरवायचं. त्याच्याही आधी इंग्रजांचा १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा होता आणि तो मध्य प्रांतालाही लागू होता, म्हणजे आपल्या नागपूरला. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, तिथे सापडलेल्याला १०० रुपये किंवा एक महिना. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा इकडे आला. आज पेपरात ‘कलम ४ आणि ५ खाली गुन्हा’ असं वाचता, तो हाच. सट्टापट्टी घेणाऱ्यावर १२ (अ) लागतं, तेही याच कायद्यातलं. कायदा बैलगाडीच्या काळातला, त्यात मोबाइल कुठून येणार? पण त्यातलं १३ वं कलम महत्त्वाचं आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

साऱ्या ॲपवाल्यांचा धंदा या एका वाक्यावर उभा राहिला. कुठला खेळ कौशल्याचा नि कुठला नशिबाचा, यावर सर्वोच्च न्यायालय १९५७ पासून बोलत आलंय. रमीबद्दलचा निकाल १९६७ चा. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला टाकायचा कुठला धरायचा याला डोकं लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं न्यायालय म्हणालं. तो खटला कुठला होता माहीत आहे? सिकंदराबादच्या एका क्लबचा. म्हणजे ज्या शहरात तुमच्या भावाचं ॲप उघडत नव्हतं, त्याच्या जोडशहरातून रमीला हे संरक्षण मिळालं. मात्र त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा कमवत असेल तर गुन्हा ठरू शकतो. जाहिरात करणारे हा भाग कधी वाचून दाखवत नाहीत.

मग तेलंगणानं २०१७ मध्ये आपला जुगारबंदी कायदा बदलला. ऑनलाइन असो, कौशल्य असो, पैसे लावले की बंद. आंध्रनं २०२० मध्ये तेच केलं. आसाम आणि ओडिशाच्या जुन्या कायद्यांत कौशल्याची सूटच नव्हती. जाहिरातीच्या शेवटी घाईघाईनं राज्यांची नावं वाचली जायची, ती ही. कर्नाटकानं २०२१ मध्ये बंदी आणली, २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या उच्च न्यायालयानं ती रद्द केली. तमिळनाडूची पहिली बंदी कोर्टात पडली, दुसऱ्या कायद्यातून रमी-पोकर सुटले, मग त्यांनी वेगळी वाट धरली: रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद आणि आधारची पडताळणी सक्तीची. हे नियम मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये कायम ठेवले. मला त्यातला रात्रीचा नियम शहाणपणाचा वाटतो. माणूस सर्वात जास्त हरतो ते मध्यरात्रीनंतर, हरलेलं परत मिळवायच्या नादात. तुमचा भाऊ किती वाजेपर्यंत जागा असतो ते तुम्हाला ठाऊकच असेल.

नागालँडनं कौशल्याच्या खेळांना परवाने देणारा कायदा केला. सिक्कीमनं २००८ मध्येच ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण २०१५ नंतर तो राज्याच्या आतल्या ठरावीक जागांपुरता राहिला. नागपुरात गादीवर लोळून मोबाइलवर खेळणाऱ्याला त्या परवान्याचा काडीचा उपयोग नाही. महाराष्ट्र मधल्यामध्ये राहिला. कॅसिनोचा कायदा इथे १९७६ मध्ये झाला, पण लागूच केला नाही. शेवटी २०२३ मध्ये तो रद्द करायचं सरकारनं ठरवलं. राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून चालते, मुंबई-पुण्याला घोड्यांच्या शर्यती परवान्यानं चालतात, मटका मात्र गुन्हा. ऑनलाइन खेळाबद्दल आपल्या जुन्या कायद्यात एक अक्षर नाही. या सुसंगत नसलेल्या गोष्टी बघून तरुण पोरं गोंधळली तर मी त्यांना दोष देणार नाही. राज्यानं वेळीच स्पष्ट बोलायला हवं होतं, आणि ते न बोलल्याची किंमत तुमच्यासारख्या घरांनी मोजली, असं माझं ठाम मत आहे.

पण गोव्याचं उदाहरण त्यानं दिलंच आहे, तर पुरतं द्यावं. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या खेळांची परवानगी मिळाली, नंतर मांडवीतल्या बोटी आल्या. हे सगळं ठरावीक जागी, परवाना असलेल्या छपराखाली. मोबाइलवरच्या आयडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवा सरकारनं खुद्द गोव्याच्या लोकांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. बाहेरचा येऊन हरला तर चालेल, आपला पोरगा तिथे दिसायला नको. जे राज्य परवाना देतं त्यानंच आपल्या माणसांसाठी दार लावून घेतलं. भावाला विचारा, का लावलं असेल?

टॅक्सचं म्हणणंही तसंच. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून ऑनलाइन पैशाच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे. पण कर घेतला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. बेकायदा धंद्यातल्या कमाईवरही आयकर लागतो, हे न्यायालयांनी केव्हाच सांगून ठेवलंय. ‘आमच्याकडे कुरासावचा (हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट) परवाना आहे’ असं त्या आयडीवाल्याच्या पानावर लिहिलं असेल, तर तो परवाना भारतात कागदाचा तुकडा आहे.

आणि मुख्य म्हणजे या सगळ्या राज्याराज्यांच्या फरकावर २०२५ मध्ये संसदेनं एकच रेघ ओढली. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही. जिंकायच्या आशेनं पैसे भरून खेळायचा ऑनलाइन खेळ म्हणजे ‘ऑनलाइन मनी गेम’, आणि तो चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पैसे फिरवून देणाऱ्या बँका-वॉलेटवाल्यांनाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. मोठमोठ्या भारतीय ॲपनी त्याच आठवड्यात पैशाचे खेळ थांबवले, ते यामुळे. जुगार हा राज्यांचा विषय असताना संसदेला हा अधिकार आहे का, असं म्हणत कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते सगळे खटले सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतले. त्या वादात तुमच्या भावानं पडायचं कारण नाही. कंपन्या भांडतात त्या रमी आणि फँटसीसाठी, म्हणजे मोबाइलवर आपला संघ निवडून खेळायच्या खेळांसाठी. त्यानं इतवारीतून घेतलेला क्रिकेटच्या सट्ट्याचा आयडी महाराष्ट्रात कधीच, कुठल्याही कायद्याखाली, वैध नव्हता. आधी रमी कायदेशीर होती म्हणून नंतरचा सट्टाही तसाच, ही त्यानं स्वतःची घातलेली समजूत आहे. दोन्ही एकाच मोबाइलवर, एकाच बोटानं खेळलं म्हणून ते एक होत नाहीत.

आता तुमची भीती: पोलिसात गेलो तर त्यालाच आत टाकतील का?

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. खेळणारा हा नाडला गेलेला माणूस आहे, अशी भूमिका सरकारनं तेव्हा जाहीरपणे घेतली. आपल्याच भागातलं उदाहरण देते. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन सट्ट्यात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार दिली. आरोप होता गोंदियाच्या बुकीवर. पोलिसांनी गोंदियात छापा टाकून रोख आणि सोनं जप्त केलं. तक्रार करणारा स्वतः खेळलेला माणूस होता, आणि गुन्हा दाखल झाला तो बुकीवर, फसवणुकीचा. सुरुवातीला जिंकू द्यायचं, मग ओढत न्यायचं, ही पद्धत त्या प्रकरणात दिसली आणि तुमच्या भावाच्या बाबतीतही तीच असणार. तिकडे छत्तीसगडात भिलाईशी धागे असलेल्या महादेव ॲपचं प्रकरण ईडीकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं त्यासह २२ ॲप-संकेतस्थळं बंद करायला लावली. म्हणजे आपण ज्याला ‘इतवारीतला कुणीतरी’ म्हणतो, त्याच्या मागची साखळी कुठवर जाते ते बघा.

तरीही मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. फ्लॅटमध्ये, धाब्यावर किंवा उभ्या कारमध्ये चार जण बसून लगवाडी-खायवाडी, म्हणजे सट्टा लावणं-घेणं, करताना सापडले तर जुना जुगार कायदा लागतोच, खेळणाऱ्यालाही. आणि सोबत्यांना आयडी मिळवून दिला, हे मला टोचतंय. नव्या कायद्यात असा खेळ पुरवायला मदत करणं, त्यात ओढणं हेही येतं. त्यानं त्याबद्दल कमिशन किंवा ‘बोनस पॉइंट’ घेतलेत का, हे त्याला विचारा, रागावून नव्हे, पण उत्तर मिळेपर्यंत. घेतले असतील तर तो नुसता खेळणारा राहिलेला नाही, असं कुणीही म्हणू शकेल. म्हणून पोलिसांकडे जा, पण वकिलाला घेऊन जा, आणि खात्याची नि आयडीची गोष्ट त्यांनी शोधून काढायच्या आधी आपणहून सांगा. नोटीस आल्यावर सांगितलेलं आणि आधी सांगितलेलं यात फार अंतर पडतं. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. मोफत वकील मिळायला तुम्हाला आणि आईला बाई म्हणून उत्पन्नाची अट नाही, तेव्हा धमक्यांची तक्रार तुमच्यापैकी कुणीही पुढे होऊन करू शकते.

देण्यांचं म्हणाल तर सगळी देणी एका पारड्यात टाकू नका. आई ‘हे मिटवू’ म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात एकच आकडा असतो. प्रत्यक्षात ही तीन वेगळी देणी आहेत.

बुकीचं देणं कायद्याच्या नजरेत देणंच नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३०: पैजेचा करार शून्य, त्याच्या वसुलीसाठी कुणालाही कोर्टात जाता येत नाही. हे त्या दोघा मोटारसायकलवाल्यांनाही पक्कं माहीत आहे, म्हणून तर ते कोर्टात न जाता दारात येतात. आईच्या पाटल्या आणि गोफ यातून एक गुंजही या माणसाला द्यायची नाही. नैतिक जबाबदारीचा प्रश्न तुमच्या मनात येत असेल, सज्जन घरांत तो येतोच. पण आयडीतले ते आकडे बुकीनं स्वतः लिहिलेले आहेत. त्यानं उधारीवर ‘पॉइंट’ टाकले, कुणाच्या हातात एक नोटही दिली नाही. शिवाय एकदा दिले की तो मोकळा सोडत नाही. दागिना निघणारं घर आहे हे त्याला कळतं, नवा आयडी, नवी उधारी सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हे इतक्यांदा पाहिलंय की यावर मला जराही शंका नाही. पुन्हा फोन आला तर रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा. दारात आले तर दार उघडू नका, ११२ लावा. धमकावणं आणि धमकी देऊन पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेत, कलम ३५१ आणि ३०८, स्पष्ट गुन्हे आहेत.

महिना दहा टक्केवाल्याची गोष्ट वेगळी. मुद्दल त्यानं खरंच दिलं आहे, पण परवाना नसताना व्याजानं पैसे देणं ही अवैध सावकारी. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. त्यानं कोरे चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर ठेवून घेतला असेल तर तक्रारीत तेवढं पहिल्या ओळीत लिहा. आजवर किती व्याज गेलं तेही मांडून बघा, पुष्कळदा मुद्दलाच्या वर गेलेलं असतं.

लोन ॲपमध्ये आधी कर्ज देणारी खरी संस्था कोण ते करारात बघा. बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली वित्तसंस्था असेल तर ते कर्ज फेडायचं आहे, हप्ते कमी करून मागा, लेखी मागा. संस्थेचा पत्ताच नसेल आणि ते फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज टाकत असतील, तर १९३० वर तक्रार.

राहिला तो स्वतः. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. ‘आईची शपथ घे’ यानं तो बरा होत नाही. मेडिकलला मानसोपचार विभाग आहे, शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. नावाला घाबरू नका, बाह्यरुग्ण म्हणून दाखवून घरी येता येतं. डॉक्टरांना किती हरला हे सांगण्यापेक्षा किती झोपतो, काय खोटं बोलतो, हरल्यावर लगेच पुन्हा लावतो का, हे सांगा. त्यांना त्यातून जास्त कळतं.

घरात पैशाची व्यवस्था बदला. त्याच्या संमतीनं पगार आईच्या नि त्याच्या संयुक्त खात्यात, रोजच्या खर्चाचं वेगळं छोटं खातं, त्यावर यूपीआयची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणलेली. मोबाइल काढून घेऊ नका, दुसरा घेतो आणि मग तुम्हाला दिसतही नाही. टोमणे मारू नका आणि नातेवाइकांत वाच्यता करू नका, पण घरात काही लपवूही नका. कर्जाचा कागद तिघांनी मिळून बनवा आणि दर पगाराला पुढे ठेवा.

आणि आयपीएलचं वेळापत्रक लागलं की आधीच ठरवून घ्या. त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी साडेसातला त्याच्या मनाची ओढाताण होणार, जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असो नसो. ऑफिसातले सोबती ‘भाव काय निघाला?’ म्हणून विचारतील, जुन्या नंबरावरून नव्या आयडीचा मेसेज येईल, पहिल्या डावावर पाचशे रुपये फुकट म्हणून. तो नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, पोलिसांना द्यायला तो उपयोगी पडेल. त्या वेळेला त्याची एखादी बांधलेली जबाबदारी असू द्या, कुठला क्लास, जिम, आईला घेऊन फिरायला जाणं, काहीही, पण ठरलेलं आणि रोजचं. एखाद्या दिवशी तो घसरला तर त्यानं त्याच रात्री तुम्हाला सांगावं, एवढं वचन त्याच्याकडून घ्या, आणि सांगितल्यावर तुम्ही ओरडणार नाही, एवढं तुम्ही त्याला द्या. विधी सेवा प्राधिकरणात जाताना बँकेचं स्टेटमेंट, धमक्यांची वही, लोन ॲपचे करार आणि चॅटच्या प्रिंट, इतकं एका फाइलमध्ये लावून न्या. तिथे काही अडलं तर मला पुन्हा लिहा.